हिरायामांच्या मागावर: टोकियो ते मिताराई, सात दिवस

विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३), यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) आणि रयुसुके हामागुचीचा 'ड्राइव्ह माय कार' (२०२१) हे तीन सिनेमे पाठोपाठ पाहिले की एक धागा हाताला लागतो. पहिल्यातला शौचालयं साफ करणारा माणूस आणि दुसऱ्यातलं म्हातारं जोडपं, दोघांचं आडनाव हिरायामा. ओझूच्या टोकियोचा माग काढत वेंडर्सने १९८५ सालीच 'टोकियो-गा' हा माहितीपट केला होता, त्यामुळे हे नाव त्याने विचारपूर्वक घेतलं असणार. तिसऱ्यात कोणी हिरायामा नाही, पण तो घडतो त्याच सेतो समुद्राच्या काठी, म्हाताऱ्यांच्या गावापासून रेल्वेने दीड तासावर.

तिन्ही सिनेमे शांत म्हणून नावाजलेले. जागांवर उभं राहिलं की कळतं, चौकटीच्या एका हाताबाहेर रेल्वे, हमरस्ता किंवा कारखाना असतो, आणि दिग्दर्शकाने तो कुठे ऐकू येऊ दिला आणि कुठे नाही यातच त्याचं कसब आहे. हा प्रवास मुख्यतः त्यासाठी करावा.

निघण्याआधी

सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांना झाला. टोकियोहून हिरोशिमाचं एकेरी भाडं वीस हजार येनांच्या आत बसतं. परतीचं विमान ओसाकाहून घेतलं तर या मार्गावर पास परवडत नाही, सुटी तिकिटं काढावीत. शिवाय पासवर नोझोमी या सगळ्यात जलद गाडीला वेगळे पैसे पडतात.

सुइका या प्रवासाच्या कार्डाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टोकियोच्या हद्दीत कार्ड टेकवून आत शिरलं आणि हिरोशिमाच्या हद्दीत बाहेर पडायला गेलं की फाटक उघडत नाही, कारण कार्डाची विभागवार हद्द वेगळी असते. लांबच्या प्रवासाला कागदी तिकीटच घ्यावं. शिंकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, अनेकदा दोन तिकिटं असतात, एक मूळ भाड्याचं आणि एक जलदगतीचं. फाटकात दोन्ही एकत्र घालायची. एकच घातलं की फाटक लाल होऊन अडतं आणि मागे रांग लागते.

टोकियोत निशी-कासाई भागात उतरणं सोयीचं. तिथे भारतीयांची, त्यात मराठी माणसांचीही, मोठी वस्ती आहे आणि डाळ-तांदूळ-पिठाची दुकानं आहेत. शाकाहाऱ्यांचा घात करतो तो 'दाशी', म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क. भाजीच्या रश्शात, अंड्यात, टोफूवरच्या सॉसमध्येही तो असतो. 'मांस नाही ना?' असं विचारून उपयोग नाही, 'कात्सुओ-दाशी आहे का?' असं विचारावं लागतं.

दिवस पहिला: शिबुया

शिंजुकुहून ओडाक्यू लाइनची लोकल धरून सांगुबाशीला उतरायचं. एक्सप्रेस इथे थांबत नाही, ती थेट योयोगी-उएहाराला नेऊन सोडते. सकाळी नऊच्या आत पोहोचावं. उजेड तिरपा असतो आणि सफाईची पहिली फेरी बघायला मिळण्याची शक्यता असते.

'द टोकियो टॉयलेट' या प्रकल्पात शिबुया वॉर्डात १७ सार्वजनिक शौचालयं बांधली गेली, १६ वास्तुरचनाकार आणि डिझायनरांकडून. सगळी एका दिवसात बघायच्या भानगडीत पडू नये, पाच पुरेत. पहिलं हारु-नो-ओगावा बागेतलं शिगेरु बानचं, हिरव्या-निळ्या काचांचं. त्याचं दुसरं, नारिंगी-जांभळ्या काचांचं, योयोगी फुकामाची बागेत आहे. दोन्ही पारदर्शक. आत कोणी नाही आणि जागा स्वच्छ आहे हे बाहेरूनच दिसावं, हा हेतू. काचेतल्या थरातून वीज वाहत असते तोवर काच आरपार दिसते. कडी लावली की वीज तुटते आणि काच धुरकट होते. म्हणजे वीज गेली तरी आतल्याची लाज राखली जाते. कडी अर्धवट फिरवली तर मात्र काही होत नाही. कडी शेवटपर्यंत फिरवावी, काच पांढुरकी झालेली बघावी आणि मगच पुढचं. कडाक्याच्या थंडीत काच धुरकट व्हायला वेळ लागतो, म्हणून हिवाळ्यात ती कायम धुरकटच ठेवल्याचंही घडलं आहे. 'परफेक्ट डेज'मध्ये गोंधळलेल्या परदेशी बाईला हिरायामा हेच कडीचं प्रात्यक्षिक करून दाखवतो, एक शब्द न बोलता.

मधे योयोगी-हाचिमान देवळाच्या पायथ्याशी तोयो इतोची तीन मशरूमांसारखी दालनं आहेत. ती बघून पायऱ्या चढून देवळात जावं, शक्यतो साडेअकरा ते एकच्या दरम्यान. हिरायामा सँडविच खातो आणि फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्याने, व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता, पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो ती ही राई. त्या उन्हाला जपानीत 'कोमोरेबी' म्हणतात. आपल्याकडे कवडसे म्हटलं तर जमिनीवर पडलेले ठिपके डोळ्यांसमोर येतात, कोमोरेबीत पानंही येतात आणि त्यांची हालचालही. फोनवर टिपायचं तर पानांमधल्या सगळ्यात उजळ जागेवर बोट दाबून एक्स्पोजर खाली ओढावं, नाहीतर आकाश पांढरंफटक होतं आणि पानं काळी पडतात.

तिथून चालत शोतोच्या नाबेशिमा बागेत केन्गो कुमाची पाच लाकडी झोपडीवजा शौचालयं, आणि शेवटी जिंगू-दोरी बागेत तादाओ आंदोचं गोल, रुंद वळचणीचं. नाव 'आमायादोरी', पाऊस टळेपर्यंत घेतलेला आडोसा. ही जागा शिबुया स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर, मोटारींच्या आवाजात. पडद्यावर ती रानात असल्यासारखी वाटते.

सिनेमाबद्दलचं माझं मत इथेच पक्कं झालं. हा सिनेमा या शौचालय प्रकल्पाच्याच पोटी जन्मला. आधी छोट्या फिल्म्सचा बेत होता, वेंडर्सने त्याची कथा केली. त्या जन्माची खूण राहिली आहे: दोन तासांत एकदाही खरी घाण दिसत नाही. ज्याने कधी सार्वजनिक संडास धुतला आहे त्याला हे खटकेल, आणि खटकायला हवं. पण कोजी याकुशोचे हात खोटं बोलत नाहीत. भांड्याच्या कडेखालचं दिसावं म्हणून तो छोटा आरसा धरतो, त्या एका हालचालीत सगळा माणूस आहे. कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो या हातांना होता असं मी मानते.

पथ्य एकच. हे कोणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. सफाई चालू असल्याची पाटी दिसली तर लांब थांबावं, निळ्या गणवेशातल्या माणसाचा फोटो न विचारता काढू नये.

दिवस दुसरा: उएनो, ओशिआगे, आसाकुसा

सकाळ उएनोला. 'टोकियो स्टोरी'त कॅमेरा जवळजवळ कुठे हलत नाही. जी एक चाल लक्षात राहते ती इथली: कॅमेरा भिंतीच्या कडेने हळूच सरकतो आणि बसलेलं म्हातारं जोडपं दिसतं, मुलांच्या घरी रात्रीची सोय नसलेलं. दोघं सामानाची आवराआवर करत, आता आपण खरोखर बेघर झालो असं हसतहसत म्हणतात. रडवणाऱ्या प्रसंगाला हसू लावण्याची ही रीत ओझूची. आपल्याकडच्या कौटुंबिक सिनेमाने ती अजून शिकायची आहे.

दुपारी सुमिदा नदीवरचा साकुराबाशी. इंग्रजी एक्स अक्षरासारखा, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीचा हा पूल १९८५ चा. 'परफेक्ट डेज'चा हिरायामा सुट्टीच्या दिवशी यावरून सायकल हाकतो. त्याचं घर पलीकडच्या बाजूला, स्कायट्री मनोऱ्याच्या छायेत. ते शोधत गल्लीबोळ पालथे घालू नयेत, आजूबाजूला माणसं राहतात. त्याऐवजी त्याच्या न्हाणीघरात जावं. सुमिदा वॉर्डातलं देन्कीयु हे सेंटो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, चालू आहे. टोकियोत सेंटोचा दर सरकार ठरवतं, मोठ्या माणसाला तो ऑगस्ट २०२४ मध्ये ५५० येन झाला.

क्रम असा: चपला दारातल्या खणात, लाकडी किल्ली जवळ. पैसे देऊन आपल्या बाजूच्या पडद्यातून आत. कपडे पूर्ण काढायचे, पोहण्याचा पोशाख चालत नाही. आत गेल्यावर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, उभ्याने नाही, कारण पाणी शेजाऱ्यावर उडतं. फेस पूर्ण गेल्याशिवाय हौदात पाय घालू नये. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, म्हणून आधी पायांवर, मग खांद्यांवर चार तांबे ओतून घ्यावे. एकदम उतरलं की बाहेर येताना चक्कर येते. छोटा पंचा डोक्यावर ठेवायचा, पाण्यात बुडवायचा नाही. बाहेर पडण्याआधी दारातच अंग पुसायचं, कपड्यांच्या खोलीची जमीन ओली करणं हा तिथला मोठा गुन्हा. माजघराला लागून न्हाणी असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला यातलं अर्धं ओळखीचं वाटेल.

संध्याकाळी आसाकुसा स्टेशनला लागून असलेला १९५५ चा भुयारी बाजार. छत हाताला लागेल इतकं खाली, त्यावर उघडे पाइप. हिरायामा जिथे बसतो ते याकिसोबाचं, म्हणजे परतलेल्या नूडल्सचं, दुकान इथलंच. ओट्यावर जागा मोजक्या आहेत, तिघांपेक्षा जास्त असाल तर फुटून बसा.

दिवस तिसरा: कीता-कामाकुरा

योकोसुका लाइनने टोकियोहून तासाभरात. ओफुना स्टेशन गेलं की पुढचंच. ओफुनाला शोचिकू या सिनेमा कंपनीचा स्टुडिओ होता, १९३६ ते २०००; ओझूची घरं, म्हणजे त्या तातामी चटयांच्या खोल्या आणि ते जिने, तिथे उभारलेली. स्टुडिओ आता नाही. 'टोकियो स्टोरी'तलं घर प्रत्यक्षात कुठे आहे हा प्रश्न तिथेच संपतो.

स्टेशनच्या दारातच एंगाकु-जी, १२८२ साली मंगोल आक्रमणात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांसाठी स्थापलेलं झेन मंदिर. रेल्वे या मंदिराच्या आवारातूनच जाते, पायऱ्या आणि पुढचं तळं यांच्या मधून. ओझूचा 'लेट स्प्रिंग' (१९४९) याच स्टेशनवर सुरू होतो आणि मग चहाच्या समारंभातल्या निवांत बायका दिसतात. दहा-पंधरा मिनिटं रेल्वे फाटकाशी उभं राहा: गाडी जाते, फाटक उघडतं, शांतता पसरते, पुन्हा घंटा. ओझूच्या माणसांविना असलेल्या त्या मधल्या दृश्यांची लय या घंटेची आहे.

त्याची कबर इथल्या स्मशानभूमीत. काळा चौकोनी दगड, त्यावर नाव नाही, फक्त 無 हे अक्षर, 'मु', शून्य किंवा अभाव. अक्षर आधी फोनवर साठवून ठेवा. दगडापाशी बहुतेक वेळा साकेच्या बाटल्या असतात. १२ डिसेंबर १९०३ ला जन्म, १२ डिसेंबर १९६३ ला मृत्यू, बरोबर साठाव्या वाढदिवशी.

जेवण जवळच्या केंचो-जीच्या परिसरात. केंचिन-जिरू हे मुळा, गाजर, टोफूचं सूप याच मठातून आलं असं मानतात. मूळ कृती शाकाहारी आहे, पण आता हॉटेलात त्यात दाशी पडते, तेव्हा विचारून घ्या. वेळ उरला तर एनोदेन या दहा किलोमीटरच्या छोट्या रेल्वेने गोकुराकुजीला जावं. दिग्दर्शक कोरे-एदाच्या 'अवर लिटल सिस्टर'मधलं (२०१५) ते स्टेशन. सिनेमा गोड आहे, थोडा जास्तच.

दिवस चौथा: आतामी, आणि लांबचा पल्ला

'टोकियो स्टोरी'त मुलांनी म्हाताऱ्यांना स्वस्तात कटवलं ते आतामीला. आज समुद्रकिनारा बांधून काढलेला आहे, दोघं बसतात ती समुद्राकाठची भिंत जशीच्या तशी दिसत नाही. दोन तास पुरेत.

खरं काम पुढचं. आतामीला नोझोमी थांबत नाही. कोदामा या सगळीकडे थांबणाऱ्या शिंकान्सेनने नागोयापर्यंत, तिथे नोझोमीने फुकुयामा, तिथून सान्यो लाइनच्या लोकलने वीस मिनिटांत ओनोमिची. शिन-ओनोमिची हे शिंकान्सेनचं स्टेशन नावामुळे फसवतं. ते डोंगरामागे, गावापासून काही किलोमीटरवर आहे. बॅगेच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंमीच्या वर गेली तर शेवटच्या रांगेमागची जागा तिकिटासोबतच राखावी लागते, नाहीतर गाडीत १,००० येन भरावे लागतात.

दिवस पाचवा: ओनोमिची

'टोकियो स्टोरी'तल्या म्हाताऱ्यांचं गाव ते हे. पहाटे उठायचं, या दिवशी सबब चालणार नाही. स्टेशनपासून जोदो-जी मंदिर पूर्वेला, चालत अर्धा तास. नोव्हेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये पाचच्या आत. मंदिराच्या पायऱ्या रेल्वेच्या पुलाखालून वर चढतात. डोक्यावरून मालगाडी गेली की दगड थरथरतो.

सिनेमात म्हाताऱ्याची बायको पहाटे वारली आहे. घरात माणसं बसली आहेत आणि म्हातारा कुठे दिसत नाही. सून नोरिको त्याला शोधत इथे येते. तो समुद्राकडे बघत उभा आहे. म्हणतो, पहाट सुंदर होती, आज उकडणार. एवढंच. ही भूमिका करणारा चिशू र्यू त्या वेळी पन्नाशीचाही नव्हता आणि सत्तरीचा म्हातारा उभा करत होता. पाठीचा बाक तेवढा बघा.

आवारात उभं राहून डोळे मिटले की ओझूने काय केलं ते कानाला कळतं. खाली सामुद्रधुनी इतकी अरुंद की पलीकडच्या मुकाइशिमा बेटावरच्या गोदीतली ठोकाठोक ऐकू येते. बोटी, गाड्या, महामार्ग. त्याने सिनेमाभर बोटीच्या इंजिनाची पक-पक राखली आणि आगगाडी राखली, कारण दोन्ही कुणाला तरी घेऊन जात असतात. शेवटी नोरिको गाडीने टोकियोला परत निघते, आणि धाकटी मुलगी शाळेच्या खिडकीतून ती गाडी बघते. त्या गावात गाडी न दिसणारी खिडकी मिळणं कठीण, हे इथे आल्यावर समजतं. कल्पना म्हणून सुचलेली ही चौकट नव्हे, भूगोलातून आलेली आहे.

कॅमेरा बुटका ठेवण्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. करून बघायचं तर देवळाच्या ओसरीवर बाहेर बसून फोन गुडघ्याच्या पातळीला धरा, वर न करता, भिंगाचा कोन साधारण डोळ्याइतका, म्हणजे ओझूच्या आवडत्या ५० मिमी भिंगासारखा ठेवा. दोन गोष्टी होतात: जमीन कमी होते, आणि उभा माणूस चौकटीत आला की डोकं कापलं जातं, म्हणून तो बसेपर्यंत थांबावं लागतं. ओझूची माणसं इतकी बसलेली का असतात, त्याचं अर्धं उत्तर यात आहे. पाटावर बसून वाढणाऱ्या माणसाकडे बघितलेल्यांना ही उंची नवी वाटणार नाही.

पहिल्या दृश्यातला पाण्याकाठचा मोठा दगडी दिवा सुमियोशी देवळाचा, धक्क्यावर, उतरताना वाटेत लागतो. गोदामातलं छोटं चित्रपट संग्रहालय तासाभराचं. दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी (१९३८–२०२०) हा याच गावचा, त्याने इथे तीन सिनेमांची मालिका केली. गावातलं एकमेव चित्रपटगृह, सिनेमा ओनोमिची, २००८ पासून एक स्वयंसेवी संस्था चालवते; खेळ असेल तर तिकीट काढाच, भाषा कळो न कळो. डोंगरउताराच्या गल्ल्यांत चाकांची बॅग निरुपयोगी ठरते, सगळ्या पायऱ्या आहेत. सामान स्टेशनवर ठेवून या. ओनोमिची रामेनच्या रश्श्यात डुकराच्या चरबीचे तुकडे तरंगतात, शाकाहाऱ्यांनी नाद सोडावा.

दिवस सहावा: हिरोशिमा

लोकलने, मधे गाडी बदलून, दीड तास. शांती उद्यान सगळे बघतात, बघावंच. पण पुढे योशिजिमाच्या बसने शेवटपर्यंत जा, समुद्राशी. तिथे नाका कचराभट्टी आहे, योशिओ तानिगुचीची, २००४ ची. दिवसाला ६०० टन कचरा जाळण्याची क्षमता. इमारतीच्या पोटातून 'एकोरियम' नावाची काचेची वाट आरपार जाते, दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलची यंत्रं आणि मधे झाडं, शेवटी समुद्र. संध्याकाळी ती लवकर बंद होते, चारच्या आत पोहोचावं.

'ड्राइव्ह माय कार'मधली ड्रायव्हर मिसाकी तिच्या मालकाला, काफुकू या नाट्यदिग्दर्शकाला, इथे आणते. पूर्वी ती कचऱ्याचा ट्रक चालवायची. ती सांगते की अणुबॉम्ब घुमट आणि स्मारक यांना जोडणारी रेषा समुद्रापर्यंत अडू नये म्हणून इमारतीतून वाट सोडली आहे. मुळात हा सिनेमा कोरियातल्या बुसानमध्ये व्हायचा होता, साथीमुळे हिरोशिमात आला. हा प्रसंग बघून ते खरं वाटत नाही. १७९ मिनिटांच्या सिनेमात श्रेयनामावली चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास येते, चेखॉव्हचं नाटक सात-आठ भाषांत आणि कोरियन खुणांच्या भाषेत चालतं. इतक्या बौद्धिक बांधणीच्या सिनेमाला जमिनीवर आणतो तो हा कचरा. माझ्या लेखी हा तिघांत सगळ्यात मोठा सिनेमा नाही, पण जागा सगळ्यात चांगली याने वापरली आहे. होक्काइदोचा शेवटचा भाग मात्र मला लांबलेला वाटतो. जे मोटारीत न बोलता कळलं होतं ते बर्फात बोलून दाखवलं जातं.

दिवस सातवा: मिताराई

काफुकूचा मुक्काम ओसाकी-शिमोजिमा बेटावरच्या मिताराई गावात. कुरे शहरापासून बेटं पुलांनी जोडली आहेत, पहिला आकिनादा पूल १,१७५ मीटरचा, टोल भरावा लागतो. बस दिवसाला मोजक्या, परतीची शेवटची चुकली की मुक्कामच. गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, कारण भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे. मूळ लायसन्स सोबत हवंच. जपानात गाडी डावीकडूनच चालते, आपल्यासारखी. सिनेमातली लाल साब ९०० ही डाव्या स्टिअरिंगची. सिनेमा ज्यावरून केला त्या हारुकी मुराकामीच्या कथेत ती पिवळी आहे. लाल केली हे बरं झालं, या हिरव्या-राखाडी किनाऱ्यावर पिवळी मोसंबीत हरवली असती. उतारांवर सगळीकडे मिकान संत्र्यांच्या बागा आहेत, दगडी बांध घातलेल्या.

मिताराई हे भरती आणि वाऱ्याची वाट बघत थांबणाऱ्या गलबतांचं बंदर. नाटकवाल्या माणसाला इथे ठेवणं हामागुचीला सुचलं याचं कौतुक वाटतं, कारण त्याचीही वाट बघणंच चालू आहे. गावात १९३७ चं ओतोमे-झा हे छोटं नाट्यगृह दुरुस्त करून ठेवलं आहे, आत जाऊन बाकावर बसता येतं.

दुपारी धक्क्यावर जा. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, भरती-ओहोटी कोणतीही असो, बोट लागावी म्हणून. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या शेवाळलेल्या असतात, तिथे उतरू नका; वरच्या कोरड्या पायरीवर बसा, बसची वेळ होईपर्यंत.